एकेचाळीसच्या बदल्यात एक

२ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

माझे यजमान घर सोडून बहिणीकडे राहायला गेले त्याला आज नऊ दिवस झाले. फोनवर येत नाहीत. मुलगी, नणंद, समोरची शेजारीण, सगळ्या त्यांचीच बाजू मला समजावून सांगतात. माझी बाजू कुठेच नोंदलेली नाही, म्हणून ही वही. लिहायची हौस मला नाही. यापुढे या वहीत 'हे' म्हणजे माझे यजमान.

घटना अशी. औषधांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली, शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. आमच्याकडे प्रत्येक बॅचचा एक नमुना राखून ठेवायचा नियम होता. मुदत संपली, वर एक वर्ष गेलं, की तो दोन साक्षीदारांसमोर नष्ट करायचा आणि तसा दाखला करायचा. असं न करणाऱ्यांच्या नमुना-खोलीचं गोदाम होतं, आणि गोदाम झालं की उंदीर येतात.

ह्यांच्या कपाटात एकेचाळीस ऑपेरा होते, म्हणजे गाऊन केलेली युरोपी नाटकं. सगळे तीनशे वर्षांपूर्वीच्या थाटाचे. त्या थाटाला बरोक म्हणतात. प्रत्येकाचा जाडजूड डबा, आत तीन सीडी आणि एक पुस्तिका. तीन वर्षांपूर्वी मी प्रत्येक डब्यावर तारखेची पट्टी चिकटवली. जो डबा वाजेल त्याची पट्टी काढायची असं ठरलं होतं. (मी ठरवलं होतं. ह्यांनी हरकत घेतली नव्हती.) तीन वर्षांत एकही पट्टी निघाली नाही. हे संध्याकाळी खुर्चीत पुस्तिका मांडीवर घेऊन बसायचे, सीडीचं यंत्र बंद. सबब २२ सप्टेंबरला मी एकशे तेवीस सीडी प्लास्टिक दळणाऱ्या कारखान्यात नेल्या आणि डोळ्यांदेखत दळून घेतल्या. साक्षीदार दोन: मी आणि मशीनवाला. दाखल्याची प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ह्यांना दिली.

ह्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली, एक बॅग भरली आणि गेले. चहा तसाच.

बाकीच्या शेजाऱ्यांना सांगितलं की गुडघ्यासाठी गेलेत, नणंदेच्या इमारतीला लिफ्ट आहे. तसं ते खरंही असेल.

३ ऑक्टोबर

विचार केला. एकेचाळीस डबे ठेवावे लागले याचा अर्थ त्यांतला एकही धड नव्हता. धड असता तर एकावर भागलं असतं. घरात आपण एकेचाळीस घड्याळं ठेवत नाही, वेळ दाखवणारं एक ठेवतो.

निर्णय: एक निर्दोष ऑपेरा निवडून ह्यांच्या हातात द्यायचा. मुदत ३१ ऑक्टोबर. मग हे घरी येतील. रुसलेल्या पुरुषमाणसाला परत यायला निमित्त लागतं, ते आपण तयार करून द्यायचं.

मला या संगीतातलं काहीएक कळत नाही. ही जमेची बाजू समजते. कडू औषधाची तपासणी गोड खाणाऱ्याकडे कधीच देऊ नये, आणि उलटही.

५ ऑक्टोबर, दुपारी १

एका शिंप्याच्या दुकानाखाली तळघरात सीडीचं दुकान आहे. मालक गळ्यात मफलर बांधून बसतो, तळघर उबदार असूनही. मी म्हटलं, बरोक ऑपेरा द्या एक, चांगल्यातला. तो म्हणाला, कुणासाठी? मी म्हटलं, त्याच्याशी तुम्हाला काय करायचंय? तो म्हणाला, बाई, चपलासुद्धा पाय बघून देतात.

उद्धट आहे, पण कपाटं नीट लावलेली होती. बसले.

त्याच्याकडून मिळालेली माहिती: हे ऑपेरा तीन तासांचे असतात. एकाच ऑपेराची अनेक रेकॉर्डिंग असतात. जुनी पद्धत म्हणजे मोठा वाद्यवृंद, आजची वाद्यं. नवी पद्धत म्हणजे छोटा वाद्यवृंद, तीनशे वर्षांपूर्वीची वाद्यं, आतड्याच्या तारा. म्हणजे नवी पद्धत जुनी आणि जुनी पद्धत नवी. हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तसंच आहे.

मग एक राजा ऐकवला. राजा बाईच्या आवाजात गात होता. मी हेडफोन काढून ठेवला आणि म्हटलं, दुसरी प्रत दाखवा, ही सदोष आहे. मफलर म्हणाला, सदोष नाही, राजे असेच गातात. कारण सांगताना छताकडे बघत होता. त्या काळी चांगला आवाज असलेल्या मुलांवर लहानपणीच शस्त्रक्रिया करायचे, आवाज फुटू नये म्हणून. ते राजे व्हायचे, सेनापती व्हायचे. आता त्या जागी बायका गातात, नाहीतर वरच्या आवाजाचे पुरुष. मला कशाचं काही वाटत नाही, औषधांत आयुष्य गेलंय. पण ही प्रक्रिया आज कुठल्याही तपासणीतून पास झाली नसती, एवढं मी त्याला ऐकवलं.

नवशिक्याने काय घ्यावं, असं विचारलं. म्हणाला, एखादं गाणं ऐका, परत ऐकावंसं वाटलं की तोच डबा घेऊन घरी जा. यावर माझा विश्वास बसेना. एवढ्या अनुभवी माणसाकडे एकही लेखी पद्धत नाही.

६ ऑक्टोबर

मफलरकडून एकाच ऑपेराची तीन रेकॉर्डिंग पसंतीवर आणली. नाव लांब आणि परकं आहे, वहीत अ, ब, क असं लिहीन. अ जुन्या पद्धतीचं. ब नव्या, म्हणजे जुन्या. क प्रत्यक्ष नाट्यगृहात घेतलेलं.

हाच ऑपेरा का, तर ह्यांच्याकडे तो नव्हता. ते मला खात्रीने माहीत आहे, कारण डब्यांतल्या एकेचाळीसही पुस्तिका माझ्याकडे आहेत. माल नष्ट करायचा, कागद कधीच नाही. फाईलला लावल्यात, अनुक्रमांक टाकून.

कथा: राजाला एक पत्र सापडतं. त्यावरून तो राणीला राज्याबाहेर घालवतो. पत्र खोटं असतं. प्रेक्षकाला हे पाच मिनिटांत कळतं, राजाला तीन तास लागतात. मी राजाच्या बाजूने आहे. कागद समोर असताना त्याने दुसरं काय करायचं?

८ ऑक्टोबर, सकाळी १०

नमुना घेण्याचा नियम सोपा आहे. जेवढे नग, त्याचं वर्गमूळ, अधिक एक. 'ब'मध्ये चौसष्ट ट्रॅक. वर्गमूळ आठ, अधिक एक, नऊ. 'अ'मध्ये एकोणपन्नासच आहेत, म्हणून आठ. कोणते नऊ, हे आपल्या मनाने ठरवायचं नसतं. कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या पुस्तकामागे यदृच्छ आकड्यांचा तक्ता आहे, तो काढला. चाळीस वर्षांनी उपयोगी पडला. पुस्तकं टाकू नयेत.

ह्यांचं यंत्र सुरू करायला पाऊण तास गेला. आवाजाचं बटण पार टोकाला फिरवून ठेवलेलं होतं. पहिला सूर लागला आणि खिडकीची काच थरथरली. वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन कोण गेलं असं विचारून गेल्या. बटण खाली आणलं. यंत्र वापरून झालं की बटण मूळ जागी आणावं, एवढी साधी शिस्त ह्यांना नाही.

नऊपैकी सहा ट्रॅक गाणं नव्हतेच. सुरात केलेली कटकट होती, मागे हार्पसिकॉर्ड नावाचं वाद्य. ताटलीत टाचण्या ओतल्यासारखा आवाज. मफलरला फोन केला. तो म्हणाला, बाई, तेवढ्यात गोष्ट पुढे सरकते, गाण्यात ती थांबते. मग म्हणाला, तुम्ही ओळीने का नाही ऐकत? मी म्हटलं, गोळ्यांची बाटली तपासताना मी सगळ्या गोळ्या खात नाही.

१० ऑक्टोबर

निकाल.

अ: नामंजूर. मूळ पुस्तिकेशी ताडून पाहिलं तर चाळीस मिनिटांचा मजकूर गायब. वजन कमी भरलेलं आहे. झाकण कितीही सुंदर असो.

क: नामंजूर. बाहेरील पदार्थ आढळला. खोकला तीनदा, पावलं, एकदा काहीतरी जड पडलं, त्यावर कुणीतरी हसलं.

ब: निर्णय राखून ठेवला. पूर्ण आहे, स्वच्छ आहे. दोष एकच, गाणारा सगळं दोनदा म्हणतो. पहिला भाग गातो, मग दुसरा भाग, मग परत पहिला. मध्ये काही घडलेलं नसताना.

अ आणि क परत करायला गेले आणि हे मफलरला सांगितलं. तो म्हणाला, रिवाज आहे, परत येताना गायक त्यात आपली भर घालतो. तुम्ही घरात एकदाच बोलता का बाई? मी म्हटलं, मी एकदाच बोलते. ऐकणाऱ्याने ऐकलं नाही तर तो त्याचा प्रश्न. मफलर म्हणाला, मग तुम्हाला बरोक जड जाईल.

त्याने माझ्या नामंजुरीच्या चिठ्ठ्या डब्यांवरून काढल्या नाहीत. म्हणाला, दुकानाची शोभा आहे.

१२ ऑक्टोबर

मुलीचा फोन. आई, तू बाबांना सॉरी म्हण. मी म्हटलं, कशाबद्दल ते नेमकं सांग. ती म्हणाली, दळल्यास तू, आई! दळल्यास! मी म्हटलं, तीन वर्षांची सूचना दिलेली होती. ती म्हणाली, तू माझ्या लहानपणच्या बाहुल्यांनाही अशीच सूचना दिली होतीस. हे मला आठवत नाही. शक्य आहे.

मी म्हटलं, मी बाबांसाठी ऑपेरा निवडतेय. ती मग म्हणाली, तू? आणि हसली. हसण्यासारखं काय होतं, विचारायचं राहून गेलं.

१४ ऑक्टोबर, सायंकाळी ५

'ब'च्या नमुन्यातला ट्रॅक ३१ पुन्हा तपासला. निकाल अस्पष्ट होता म्हणून.

यात राजा राणीच्या रिकाम्या खोलीत उभा राहून तिला हाक मारतो. उत्तर येत नाही. मधल्या भागात जरा चिडतो. मग पुन्हा तीच हाक, तेच शब्द, पण मध्येच आवाज इतका बारीक करतो की मला यंत्र बिघडलं असं वाटलं. यंत्र ठीक आहे. व्यवहारी माणूस एका हाकेनंतर खोलीला कुलूप लावून निघून गेला असता.

पुन्हा तपासावा लागेल.

१५ ऑक्टोबर

ट्रॅक ३१, तीन वेळा. निकाल अस्पष्ट.

१७ ऑक्टोबर

नणंदेकडे फोन केला. ह्यांना द्या म्हटलं. वहिनी, दादा फोनवर नाही बोलणार, असं म्हणाली. मी म्हटलं, नाही बोलणार की नाही येणार? ती म्हणाली, दोन्ही एकच समजा.

हा हट्ट आजचा नाही. गेली चार वर्षं मी स्वयंपाकघरातून हाक मारावी आणि ह्यांनी ओ देऊ नये. टेबलावर मी काही बोलावं आणि ह्यांनी भलतंच उत्तर द्यावं, नाहीतर मान हलवावी. बँकेचं विचारलं तर म्हणायचे, हो, गरम आहे. आधी मी वाद घातला. मग मीही कामापुरतंच बोलायचं ठरवलं, बघू किती दिवस काढतात. काढले.

तरी मी ऑपेरा निवडतेय. माझा स्वभाव तेवढा मोठा आहे.

१८ ऑक्टोबर

ट्रॅक ३१ चालू असताना दूध उतू गेलं. माझ्या हयातीत प्रथमच. शेगडी पुसायला वीस मिनिटं. एकूण चौदा वेळा तपासणी झाली, यापेक्षा जास्त कुठल्याही बॅचची मी केलेली नाही. आता थांबते.

१९ ऑक्टोबर

सतरा.

२० ऑक्टोबर, सकाळी ९

'ब' मंजूर. सही केली. मुदतीच्या अकरा दिवस आधी. मंजुरीची चिठ्ठी डब्याच्या आतल्या बाजूला लावली, बाहेरून दिसू नये म्हणून. उद्या नणंदेकडे नेऊन देते. ह्यांची झोपायची खोली झाडून घेतली, पायमोज्यांचा कप्पा लावला. परवापर्यंत हे घरी असतील असा अंदाज.

२१ ऑक्टोबर, सायंकाळी ६.३०

नणंदेकडे गेले, तर हे नव्हते. दवाखान्यात गेलेत म्हणाली. मी म्हटलं, गुडघा? नणंदेने मला आत बसवलं. मग म्हणाली, कान.

वहिनी, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?

चार वर्षं झाली म्हणे. आधी वरचे सूर गेले, मग माणसांची बोलणी. दोन्ही कानांचं. ती दोनदा सोबत गेली होती, मला वाटलं भावंडं फिरायला जातात. आता कानात घालायचं यंत्र बसवतायत. बोलणं कळेल त्याने, गाणं नाही. यंत्रातून गाणं पत्र्यावर गोटे पडल्यासारखं ऐकू येतं म्हणे.

मी म्हटलं, मग ते डबे? ती म्हणाली, वाजवून काय करणार होता? सुरुवातीला आवाज टोकाला नेऊन बघितला त्याने, तुम्ही बाजारात गेलात की. मग तेही सोडलं. पुस्तिका घेऊन बसायचा. ओळीवर बोट ठेवलं की सगळं ऐकू येतं म्हणायचा, कुठे श्वास घेतात तेसुद्धा. आता डबेही गेले आणि पुस्तिकाही गेल्या.

मी म्हटलं, मला सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, मीही हेच विचारलं. दादा म्हणाला, तिला सांगितलं तर ती माझ्यावरही तारीख चिकटवेल.

आणि हसली. हसताना डोळे पुसत होती.

मी ऑपेरा पिशवीतून काढला नाही. चहा घेतला. साखर जास्त होती, ते सांगितलं.

२२ ऑक्टोबर

खुलासा.

१. मला लेखी किंवा तोंडी कळवण्यात आलेलं नव्हतं.

२. उपलब्ध माहितीवरून घेतलेला निर्णय योग्य होता. यंत्र बंद, पट्ट्या तशाच.

३. चार वर्षांत मी कमी बोलले हे खरं आहे. ह्यांना त्याचा फरक पडलेला दिसला नाही. अर्थात.

तिसऱ्या मुद्द्याच्या पुढे काहीतरी लिहायचं होतं. दुपारी लिहीन.

२३ ऑक्टोबर

दुपारी लिहिलं नाही. इस्त्री होती.

२४ ऑक्टोबर

परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही. नणंद म्हणाली पुस्तिकाही गेल्या. गेलेल्या नाहीत! एकेचाळीसच्या एकेचाळीस माझ्याकडे फायलींत आहेत. ह्यांना हव्यात. म्हणजे ह्यांना इथे यावं लागेल. आले की बसतील, बसले की राहतील. स्वतःची खुर्ची सोडून बहिणीच्या सोफ्यावर किती दिवस काढणार माणूस?

नणंदेच्या फोनवर संदेश पाठवला: पुस्तिका सुरक्षित आहेत. घरी येऊन पाहता येतील. वेळ सकाळी १० ते १२.

'पाहता येतील' असं मुद्दाम लिहिलं. 'नेता येतील' नाही.

२५ ऑक्टोबर

उत्तर आलं, ह्यांनी स्वतः टाईप केलेलं. ३१ला दहा वाजता येतो. तू फेकल्या नाहीस, त्याबद्दल आभार.

आभार! चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा लेखी. मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आई, जास्त अपेक्षा ठेवू नकोस. मी म्हटलं, मी अपेक्षा ठेवत नाही, तयारी ठेवते.

२८ ऑक्टोबर

तयारी: गादीला ऊन दाखवलं. नवा टूथब्रश. खुर्चीची सैल झालेली पट्टी सुताराकडून बसवून घेतली. सुतार म्हणाला, साहेब गावाला गेलेत का? मी म्हटलं, येतायत.

मफलरकडे गेले होते. माहिती म्हणून विचारलं, ऐकू न येणाऱ्या माणसाला ऑपेरा देता येतो का? त्याने मफलर सैल केला आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही. म्हणाला, ज्याने आयुष्यभर ऐकलंय त्याला देता येतो. समोर बसून कुणीतरी ऐकलं पाहिजे त्याच्याबरोबर. मी म्हटलं, म्हणजे मी? तो म्हणाला, दुसरं कोण आहे घरात?

हे योग्य वाटलं. योजना बदलली. हे येतील तेव्हा 'ब' चालू असेल, ट्रॅक ३१. मी म्हणेन, बसा, आपण दोघं ऐकू. चार शब्द. पाठ केलेत.

३० ऑक्टोबर

चार शब्द मोठ्याने म्हणून पाहिले. आवाज फार अधिकाऱ्यासारखा येतो. पुन्हा म्हटलं. तसाच.

३१ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

हे दहा वाजून पाच मिनिटांनी आले. बारीक झालेत. दोन्ही कानांमागे करड्या रंगाची यंत्रं. ट्रॅक ३१ मी पायरीवरचा आवाज ऐकून लावला होता, राजाने पहिली हाक मारायला आणि ह्यांनी दारात पाऊल ठेवायला एक गाठ पडली. ह्यांनी कानाला हात लावला आणि म्हणाले, ते बंद कर जरा, भांडी आपटल्यासारखं होतं.

बंद केलं.

चार शब्दांपैकी 'बसा' म्हटलं. बसले. डबा दिसला तेव्हा हातात घेतला, उलटून मागचं वाचलं. म्हणाले, हा कुणी निवडला? मी म्हटलं, मी. म्हणाले, एकटीने? मी म्हटलं, तीन प्रतींतून. ह्यांना हसू आलं. म्हणाले, चांगला निवडलास. पहिला म्हणून जरा जड आहे, मी तुला एखादा छोटा सांगितला असता. मग म्हणाले, कसा वाटला?

इथे मला ट्रॅक ३१ सांगता आला असता. दूध उतू गेलं तेही. मी म्हटलं, प्रत स्वीकारण्याजोगी आहे.

म्हणाले, सगळा ऐकलास? मी म्हटलं, नऊ ट्रॅक, आणि वर्गमूळ समजावून सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या ओठांकडे बघत. असं माझ्याकडे किती वर्षांत बघितलं नव्हतं. म्हणाले, म्हणजे शेवट तुला माहीतच नाही. मी म्हटलं, तपासणीला शेवट लागत नाही. ह्यांनी डबा उघडून चिठ्ठी वाचली, परत बंद केला आणि टेबलावर माझ्या बाजूला सरकवला. म्हणाले, तू ऐक.

मग फायली मागितल्या. आणून दिल्या. पहिली उघडली आणि थांबले. मी फाईलला लावताना भोकं पाडली होती, पुस्तिकांना समास कमी, त्यामुळे भोकं मजकुरातून गेलीत. प्रत्येक पानावर दोन. ह्यांनी भोकातून पलीकडचं पान पाहिलं. मी म्हटलं, एवढ्यातेवढ्या ओळी गेल्या असतील. म्हणाले, असू दे, त्या पाठ आहेत मला.

हे फायली बांधत होते तेव्हा मी 'राहा' म्हटलं. एकदा. ह्यांची पाठ माझ्याकडे होती, दोरीची गाठ मारत होते. ऐकू गेलं की नाही ते पाहायचं राहून गेलं. दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात खाली नणंदेने गाडीचा हॉर्न वाजवला, आणि तो मात्र ह्यांना ऐकू गेला.

दारात मी म्हटलं, दाखला करू या, काय दिलं काय घेतलं. ह्यांनी मान हलवली. दोघांनी उभ्याउभ्या सह्या केल्या.

ह्यांना दिलं: पुस्तिका एकेचाळीस, फायली चार, गरम कपड्यांची एक बॅग, गुडघ्याचा पट्टा, नवा टूथब्रश.

माझ्याकडे आलं: घराची किल्ली, एक. ह्यांच्या खिशातली.

हे गेल्यावर दाराला लावून तपासली. चालते.